ऑनलाइन साहित्याचा कोर्स सुरू होतोय, तर तो करायचा कसा

नमस्कार मंडळी, स्वागत सगळ्यांचं. या टर्मला आपला मराठी साहित्याचा पेपर पूर्ण ऑनलाइन आहे. यादी बघितली तर काही जण बारावी करून थेट आलेत, काही हिंजवडीची नोकरी सांभाळून करणारेत आणि काही तर रिटायर झाल्यावर हौसेने आलेत, म्हणून सगळं अगदी पहिल्यापासून सांगते, ज्यांना माहितीय त्यांनी सरळ पुढे सरकावं.

मुख्य गोष्ट आधी. हा व्हिडिओ बघायचा कोर्स नाहीये. लेक्चर मी रेकॉर्ड करून गूगल क्लासरूमवर टाकणार आहेच, पण क्रम असा ठेवायचा की आधी कविता किंवा प्रकरण स्वतः वाचायचं, वहीत चार ओळी खरडायच्या आणि मग माझं लेक्चर लावायचं. उलटं केलंत तर माझंच मत तुमच्या उत्तरात जरा वेगळे कपडे घालून परत येतं आणि मला ते तपासायचा भयंकर कंटाळा येतो. लेक्चर दीडपट स्पीडने ऐकलंत तरी चालेल, मी तशीही रेंगाळत बोलते. कविता मात्र त्या स्पीडने वाचायची नाही.

आता वाचायचं म्हणजे काय करायचं. पहिल्या आठवड्यात बालकवींची ‘औदुंबर’ आहे, आठ ओळींची, शाळेत बऱ्याच जणांनी पाठ केली असेल आणि तोच प्रॉब्लेम आहे, कारण पाठ असलेली गोष्ट आपण वाचत नाही, नुसती म्हणतो. तर दार लावून घ्या आणि मोठ्याने वाचा, दोनदा तरी. पहिल्यांदा नुसती चाल पकडा. दुसऱ्यांदा पेन घेऊन बसा आणि रंग दिसला की खूण करा. हिरवाळी, निळासावळा झरा, मग परत हिरवी गर्दी, पांढरी पायवाट, हिरवी कुरणं, काळा डोह आणि शेवटी लाटांवरचा काळिमा. आठ ओळींत एवढे रंग आणि ते कसेही टाकलेले नाहीत, नजर त्या पायवाटेवरून चालत चालत अंधाराकडे जाते. आणि काळिमा ‘गोड’ कसा काय असेल? तिथे थांबा, उत्तर नाही सुचलं तर प्रश्नच लिहून ठेवा. मला वहीत ‘कवीने निसर्गाचे सुंदर वर्णन केले आहे’ हे वाक्य नकोय, ते कुठल्याही निसर्गकवितेखाली खपतं, म्हणजे या कवितेबद्दल त्यात काहीच नाही. ‘पाय टाकून बसलेलं झाड मला निवांत वाटलं नाही, जरा भीती वाटली’ असं कुणी लिहिलं तर मी खुश, मग ते मला पटो न पटो, फक्त कुठल्या ओळीमुळे भीती वाटली ते दाखवायचं.

मग येते हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’. जाडजूड आहे, बघून घाबरू नका. हरिभाऊंनी १८९० मध्ये पुण्यातच ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढलं आणि ही कादंबरी त्यात क्रमशः छापून आली, म्हणजे त्या वेळच्या वाचकांनीही ती तुकड्यातुकड्याने, पुढच्या अंकाची वाट बघतच वाचली. आपणही तशीच वाचणार आहोत, दर आठवड्याला काही प्रकरणं, टाइमटेबल टाकलंय. परीक्षेच्या आदल्या रात्री सगळी एकदम वाचली तर कथानक कळेल, तिची नायिका यमू मात्र हातातून सुटेल. या कादंबरीला एकच प्रश्न लावून धरा, आत्ता बोलतंय कोण? सगळं यमूच सांगते, पण लिहिणारा पुरुष आहे, मग कुठे ती खरंच यमू वाटते आणि कुठे तिच्या मागे हरिभाऊ उभे दिसतात? अशा जागांना पेन्सिलीने खुणा करा, लायब्ररीचं पुस्तक असेल तर चिठ्ठी लावा, नाहीतर दंड मला नका मागू.

जुन्या छपाईबद्दल एक. गांव, केलें, तें असे जागोजागी अनुस्वार दिसतील. ते उच्चारायचे नाहीत, १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ते काढूनच टाकले. वाचायला दोन दिवसांत सवय होते पण सर्च करताना घोळ होतो, ‘गाव’ टाकून ‘गांव’ सापडत नाही, त्यामुळे दोन्ही टाकून बघा. शब्द अडला तर मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे हे दोन्ही कोश शिकागो युनिव्हर्सिटीच्या साइटवर फुकट आहेत. मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती १८५७ ची, अर्थ इंग्रजीत देतो, आणि जुन्या मराठीसाठी तो नेटवरच्या कुठल्याही ट्रान्सलेटरपेक्षा भरवशाचा आहे.

पुस्तकं कुठून आणायची हे सगळेच विचारतात. बालकवी १९१८ ला गेले, हरिभाऊ १९१९ ला, आणि आपल्याकडे कॉपीराइट लेखक गेल्यानंतर ६० वर्षं असतो, म्हणजे या दोघांचं लेखन मोकळं आहे, मराठी विकिस्रोतावर असं बरंच जुनं साहित्य आहे, तिथे शोधा. अलीकडच्या लेखकांची मात्र टेलिग्रामवरची पीडीएफ नको. चोरी तर आहेच, वर मधलीच पानं गायब असतात आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. अप्पा बळवंत चौकात चक्कर मारा (गाइड आणायला नाही हं!) किंवा नगर वाचन मंदिराचं सभासद व्हा, ते १८४८ पासून आहे. गावाकडून कोर्स करणाऱ्यांनी मला कळवा, काहीतरी सोय बघू.

टायपिंग. उत्तर युनिकोडमध्येच हवं, म्हणजे कुठल्याही फोनवर किंवा कंप्युटरवर जसंच्या तसं दिसणाऱ्या टायपिंगमध्ये. झेरॉक्सच्या दुकानातून जुन्या फॉण्टमध्ये टाइप करून आणलंत तर माझ्या स्क्रीनवर त्याचा नुसता गिचमिड इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. फोनवर मराठी कीबोर्ड टाका, येत नसेल तर बोलून टाइप करा, चांगलं चालतं, फक्त नंतर एकदा वाचा कारण ते विरामचिन्हं खातं आणि जोडाक्षरांचं काहीही करतं. हेही जमत नसेल तर हाताने लिहून स्वच्छ फोटो काढून पाठवा, माझी काही हरकत नाही. फाइलला रोल नंबरचं नाव द्या, ‘फायनल फायनल नवीन’ असं नको.

एआयचं विचारणारच आहात म्हणून सांगते. शब्दाचा अर्थ, टायपिंगच्या चुका यासाठी खुशाल वापरा. उत्तर लिहून घेऊ नका. ते नसलेल्या ओळी बिनदिक्कत कवीच्या नावावर घालतं, आणि शंका आली की मी गूगल मीटवर बोलावून ‘ही ओळ कुठेय दाखवा’ एवढंच विचारते.

लाइव्ह तास मीटवर शनिवारी संध्याकाळी. कॅमेरा लावायची सक्ती नाही, घर लहान असतं, मागे कुकर चालू असतो, मला कल्पना आहे. पण पुस्तक समोर उघडं हवं, मी मध्येच नाव घेऊन ओळ वाचायला सांगते. उत्तरं बुधवारी रात्रीपर्यंत द्यायची, गुरुवार मुद्दाम ठेवला नाही, पुण्यात गुरुवारी महावितरणचं काम निघतं आणि मग ‘मॅडम लाइट नव्हती’ सुरू होतं. खरंच अडचण असेल तर आधी मेसेज टाका, मुदत वाढवून देते. नंतर सांगितलंत तर कठीण आहे.

या आठवड्याचं काम छोटं आहे. ‘औदुंबर’ मोठ्याने वाचून फोनवर रेकॉर्ड करा, त्याखाली तुम्ही नेमके कुठे अडलात ती एक ओळ आणि का अडलात ते दोन वाक्यांत लिहा, बुधवारपर्यंत क्लासरूमवर टाका. आवाज चांगला नाही वगैरे कारणं चालणार नाहीत, माझाही नाहीये, तरी तुम्ही टर्मभर ऐकणारच आहात.