दोन चाचण्या, एक बिल्ला: ब्रुसेलोसिसच्या बेझियन विश्लेषणापूर्वीची तयारी

आर्वी तालुक्यातील चरायला जाणारे गवळाऊ गायींचे कळप आणि वर्ध्यालगतच्या गावांतील दावणीच्या संकरित गायी यांच्यात ब्रुसेलोसिसचे, म्हणजे सांसर्गिक गर्भपाताचे, प्रमाण किती आहे हे काढण्यासाठी गेल्या खेपेस मी नमुने गोळा केले. रोझ बेंगॉल आणि एलायझा या रक्तातील प्रतिपिंडे शोधणाऱ्या दोन्ही चाचण्या पार पडल्या आणि संगणकावर जॅग्ज हा बेझियन विश्लेषणाचा (आधीची माहिती आणि हाती आलेले निकाल एकत्र करून अंदाज काढण्याचा) प्रोग्राम चालू होता, तरीही विश्लेषण झाले नाही. चूक सॉफ्टवेअरची नव्हती, ती माझ्या एक्सेलमधील एका रकान्याची होती. पुन्हा नमुने घ्यायला निघण्यापूर्वी म्हणून ही तयारी लिहून ठेवतो आहे.

सुया, नळ्या, बर्फाची पेटी यांविषयी सांगण्याची गरज नाही. हातमोजे मात्र प्रत्येक गोठ्यात घालावेत, कारण हा रोग माणसाला होतो. रक्त गोठू द्यावे, रक्तजल (सीरम) वेळेत वेगळे करावे आणि नळ्या उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नयेत. पेशी फुटून लाल झालेल्या रक्तजलावर चाचणी धड वाचता येत नाही.

आता बिल्ला. जनावराच्या कानातील बिल्ल्यावर बारा अंकी क्रमांक असतो. तो नळीवर, नोंदवहीत आणि दोन्ही चाचण्यांच्या निकालपत्रांत, चारही ठिकाणी, पूर्ण लिहावा. गेल्या वेळी तो मी लिहिला होता, पण एक्सेलचा रकाना ‘टेक्स्ट’ करून घेतला नव्हता. बारा अंकी संख्या दिसली की एक्सेल ती १.०५ई+११ अशी आखूड करून दाखवते, आणि फाइल सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुराची फाइल, म्हणून जतन केली की जे दिसते तेच जतन होते, मागचे अंक कायमचे जातात. माझ्या फाइलमध्ये एकाखाली एक सगळ्या गायींचा क्रमांक सारखाच झाला होता. रोझ बेंगॉलच्या कोणत्या ओळीची जोडी एलायझाच्या कोणत्या ओळीशी लावायची हे सांगणारे काही उरले नाही, आणि माझ्या हाती दोन चाचण्यांच्या दोन बेरजा तेवढ्या राहिल्या.

बेरजा का पुरत नाहीत, हे मी स्वतः उशिरा समजून घेतले. समजा, १०० जनावरांत एका चाचणीने १२ आणि दुसरीने १५ बाधित दाखवली. दोन्हींत बाधित ठरलेली जनावरे यावरून ० ते १२ यांपैकी कितीही असू शकतात. खात्रीची तिसरी चाचणी हाताशी नसताना दोन चाचण्यांची संवेदनशीलता (बाधिताला बाधित ओळखण्याचे प्रमाण) आणि विशिष्टता (निर्दोषाला निर्दोष ओळखण्याचे प्रमाण) काढण्याची जी पद्धत हुई आणि वॉल्टर यांनी १९८० मध्ये मांडली, ती नेमकी या जोडीवर उभी आहे: दोन्ही बाधित, फक्त पहिलीत, फक्त दुसरीत, दोन्हींत निर्दोष. या चार संख्या प्रत्येक गटासाठी, म्हणजे चरणाऱ्या आणि दावणीच्या गायींसाठी वेगवेगळ्या, हव्यात. म्हणून टंकलेखनाला बसण्याआधी रकाना ‘टेक्स्ट’ करावा, आर या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये वाचतानाही तो अक्षररूपातच वाचावा, आणि फाइल बंद करून पुन्हा उघडून बारा अंक बोट ठेवून मोजावेत. प्रयोगशाळेलाही हे नमुने देतानाच सांगावे, कारण त्यांची फाइल आपल्या हाती नसते.

लसीकरणाची नोंद हा दुसरा रकाना. ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना एस-१९ लस टोचली जाते आणि तिच्यामुळे तयार झालेली प्रतिपिंडे रोझ बेंगॉल चाचणीत रोगासारखीच दिसू शकतात. पद्धतीचे गृहीतक असे आहे की दोन गटांत रोगाचे प्रमाण वेगळे असावे, पण चाचणीची विशिष्टता सारखी असावी; एका गटात लस टोचलेली आणि दुसऱ्यात नाही, अशी स्थिती असेल तर ते गृहीतकच कोसळते. मालकाला आठवत नसेल तर ‘माहीत नाही’ असे लिहावे, अंदाजाने ‘नाही’ लिहू नये.

सॉफ्टवेअर मुख्यालयी असतानाच बसवून घ्यावे, गावात नेटवर्कचा भरवसा नाही. आरमध्ये आरजॅग्ज हे जॅग्जला जोडणारे पॅकेज बसवले म्हणजे जॅग्ज बसले असे होत नाही. जॅग्ज हा स्वतंत्र प्रोग्राम आहे, तो आधी बसवावा लागतो. रनजॅग्ज पॅकेजमध्ये हुई-वॉल्टरच्या प्रतिकृतीचा (मॉडेलचा) तयार साचा मिळतो, आणि त्यालाही एका ओळीत एक जनावर हवे, म्हणजे पुन्हा बिल्ला आलाच. विनबग्ज हा याच कामाचा जुना प्रोग्राम सवयीने वापरणाऱ्यांनी आता जॅग्जकडे वळावे.

चाचण्यांविषयीची पूर्वमाहिती, म्हणजे प्रायर, निकाल पाहण्याआधी कागदावर लिहून तारीख घालावी. उदाहरणार्थ, संवेदनशीलतेसाठी बीटा (१८, २) हे वितरण प्रायर म्हणून घेतले, तर त्याचा अर्थ सरासरी ०.९ आणि वजन २० जनावरांइतके. आपल्याला खरोखर तेवढा विश्वास आहे का, हे आधी विचारावे. निकाल पाहून प्रायर ठरवणे म्हणजे उत्तर पाहून गणित मांडणे होय. दोन्ही चाचण्या प्रतिपिंडेच शोधत असल्याने त्यांच्या चुका एकत्र घडू शकतात, हे विसरू नये. हा परस्परसंबंध धरून आणि न धरून, दोन्ही प्रकारे प्रतिकृती चालवावी.

पुढचे थोडक्यात. किमान तीन साखळ्या (जॅग्जच्या आकडेमोडीच्या स्वतंत्र धावा), वेगवेगळ्या सुरुवातीच्या किमतींनी. त्या एकमेकींत मिसळल्या का, ते आलेखावर पाहावे. प्रायर बदलून उत्तर किती हलते ते तपासावे. अहवाल २०१७ च्या स्टार्ड-बीएलसीएम, म्हणजे अशा बेझियन चाचणी-अभ्यासांचा अहवाल कसा लिहावा याच्या, मार्गदर्शक सूचनांनुसार. मूळ फाइलची प्रत पेन ड्राइव्हवर ठेवावी, आणि ती प्रत करण्याआधी बिल्ल्याचे बारा अंक पुन्हा एकदा मोजावेत.