नोटिफिकेशन गिळणारी रांग

मॅकवरच्या अ‍ॅपमध्ये एकदम बऱ्याच फाइल्स घेतल्या की यादीतली एकच ओळ ताजी व्हायची. प्रत्येक फाइलमागे एक सूचना (नोटिफिकेशन) जायची आणि ओळीचा क्रमांक तिच्या युजरइन्फोमधून, म्हणजे सोबत जोडलेल्या माहितीतून, जात होता. गोम तिथेच! नोटिफिकेशनक्यू, म्हणजे सूचना पाठवण्याआधी जमवणारी रांग, सारख्या सूचना एकत्र करताना नाव आणि पाठवणारा ऑब्जेक्ट एवढंच पाहते, युजरइन्फोकडे ढुंकूनही बघत नाही. कोअलेसमास्क (कशावरून एकत्र करायचं ते सांगणारा पर्याय) दिलाच नाही, तर दोन्ही निकष आपसूक लागू. (हा आगाऊपणा कशाला, कोण जाणे.)

मास्क रिकामा ठेवल्यावर सगळ्या ओळी आल्या, पण स्क्रोल अडखळू लागला. मग एकत्रीकरण परत चालू केलं आणि क्रमांक मॉडेलमधल्या (अ‍ॅपचा डेटा ठेवणाऱ्या भागातल्या) सेटमध्ये, म्हणजे संचात, साठवले. आता सूचना आली की सेट वाचायचा, रिकामा करायचा. सूचना रांगेत टाकणं आणि सेट हाताळणं मुख्य थ्रेडवरूनच (प्रोग्राममधल्या कामाच्या मुख्य प्रवाहातूनच) करा. प्रत्येक थ्रेडची रांग वेगळी असते आणि थ्रेड आधीच संपला तर रांगेतलं पोस्ट होतच नाही.