किडनी देणाऱ्याची किडनी तपासताना

‘क्रिएटिनिन १.० आहे, म्हणजे नॉर्मल. मग अडलंय कुठे?’ नवी मुंबईत ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर म्हणून काम करताना हा प्रश्न मला सारखा ऐकू येतो. विचारणारा बहुधा डोनर नसतो, पेशंटचा एखादा घाईवर आलेला मेव्हणा असतो.

अडतं ते असं. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा, किडनी तो गाळून लघवीत टाकते. पंचविशीच्या भावाचं क्रिएटिनिन १.० असेल, तर क्रिएटिनिन, वय आणि बाई की पुरुष यावरून अंदाज काढणाऱ्या २०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्राने त्याचा जीएफआर, म्हणजे किडनीची गाळण्याची क्षमता, मिनिटाला साधारण १०७ मिली निघते. अठ्ठेचाळिशीच्या आईचं क्रिएटिनिनही १.० च असेल, तर तिची निघते जेमतेम ७०. लॅबच्या कागदावर दोघंही नॉर्मल. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, त्यामुळे वय, बाई की पुरुष, अंगकाठी सगळं त्यात मिसळलेलं असतं. एखादी बारीक, शाकाहारी मावशी ०.६ घेऊन आली की घरचे खूश होतात. तिथे मी जास्त सावध असते, कारण स्नायूच कमी असले तर आकडा उगाच गोड दिसतो. अशा वेळी डॉक्टर सिस्टॅटिन सी ही रक्ततपासणी सांगू शकतात. ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते, मात्र थायरॉइडचा त्रास किंवा स्टेरॉइड चालू असेल तर तिचाही आकडा हलतो. तेव्हा चालू गोळ्यांची पाकिटं सोबत आणा, ‘ती पांढरी छोटी’ असं सांगून भागत नाही.

आता चोवीस तासांची लघवी, दिवसभरात किडनी किती क्रिएटिनिन बाहेर टाकते ते मोजायला. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

रबाळे-महापेला नोकरी असेल तर कामाच्या दिवशी हे जमणार नाही, लोकलमध्ये कॅन घेऊन कोण फिरणार? रविवार धरा. मात्र शनिवारी रात्रीपासून मटण-चिकन बंद, रविवारचा रस्सा पुढच्या आठवड्यात. शिजवलेल्या मांसाने क्रिएटिनिन तात्पुरतं वाढतं. जिमवाल्यांनी क्रिएटिनची पावडर आधीच थांबवावी आणि घेत होतो हे लपवू नये. आदल्या दिवशी जोरदार व्यायाम नको. ताप असेल किंवा पाळी चालू असेल तर तारीख पुढे घ्या, लघवीत प्रोटीन किंवा रक्त दिसून नसता फेरा मागे लागतो. गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन घेत असाल तर डॉक्टरांना आधी सांगा.

सकाळी ७ ला उठून पहिली लघवी संडासात सोडून द्या आणि कॅनवर मार्करने वेळ लिहा. तिथून पुढची प्रत्येक लघवी कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशी सकाळी ७ ची धरून. बायकांनी प्लॅस्टिकचा जग घ्यावा, थेट कॅनमध्ये जमत नाही. शौचाला जाताना आधी जगात लघवी करून घ्या, नेमकी तिथेच गळती होते. लॅबने कॅनमध्ये औषध घालून दिलं असेल तर ते विसळून टाकू नका. कॅन फ्रीजमध्ये ठेवायला सासूबाई तयार नसतील, तर बादलीत बर्फ घालून त्यात ठेवा. पाणी तहानेपुरतं प्या. मे महिन्यात इथल्या घामात कमी पडू देऊ नका, पण मुद्दाम तांब्यामागून तांब्या रिचवायचीही गरज नाही.

एवढं काटेकोर का, ते हिशेबात बघा. ५० किलोची बाई, रक्तात क्रिएटिनिन ०.७, दिवसाची लघवी दीड लिटर आणि त्यात ९०० मिलिग्रॅम क्रिएटिनिन. यावरून क्लिअरन्स, म्हणजे मिनिटाला किती मिली रक्तातून क्रिएटिनिन साफ होतं तो आकडा, येतो ८९. एका वेळची २०० मिली सांडली, तर तोच ७७ होतो आणि चांगली डोनर बाद व्हायची वेळ येते. उलट पहिल्या सकाळची ३०० मिली चुकून धरली, तर १०७! हे जास्त वाईट, कारण नुकसान तिचं होतं. म्हणून रिपोर्ट आला की मी लघवीतल्या एकूण क्रिएटिनिनला वजनाने भागते. बाईचं किलोमागे साधारण १५ ते २०, पुरुषाचं २० ते २५ मिलिग्रॅम यावं. फारच हटके आलं तर कॅन पुन्हा. लोक वैतागतात, वैतागू देत. त्यातही ही पद्धत खऱ्या जीएफआरपेक्षा थोडा जास्तच आकडा देते.

म्हणून पुढे डीटीपीए स्कॅन. शिरेतून किरणोत्सारी औषधाचा छोटा डोस देऊन कॅमेऱ्याखाली झोपवतात. डावी किती काम करते आणि उजवी किती, हे यात कळतं. नुसत्या कॅमेऱ्यापेक्षा काही तासांनी रक्ताचे नमुने घेऊन काढलेला जीएफआर जास्त भरवशाचा, तेव्हा कोणत्या पद्धतीने काढला ते विचारा. दोन्ही किडन्यांच्या कामात ठळक फरक निघाला तर चांगली किडनी डोनरकडेच राहते. पेशंटच्या नातेवाइकांना हे ऐकून धक्का बसतो, पण नियम तोच आहे.

केडीगो या किडनीच्या आजारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शनानुसार जीएफआर ९० किंवा वर असेल तर ठीक, ६० च्या खाली नाही. मधल्या पट्ट्यात वय, बीपी, शुगर, घराण्यातला किडनीचा आजार हे सगळं बघून टीम ठरवते. मधलाच ८० आकडा साठीच्या काकांचा आणि बाविशीच्या पोराचा सारखा नाही, पोराला त्या एका किडनीवर अजून पन्नास वर्षं काढायची आहेत. लघवीतलं अल्ब्युमिन, म्हणजे गळून येणारं प्रोटीन, दिवसाला ३० मिलिग्रॅमच्या आत हवं, १०० च्या वर गेलं की विषय संपला. सीटी अँजिओग्राफी, म्हणजे किडनीच्या रक्तवाहिन्यांचा स्कॅन, सहसा या सगळ्यानंतर करतात, त्यातल्या डायचा किडनीवर भार पडू शकतो.

डोनरने डॉक्टरांना एकदा तरी एकट्याने भेटावं, नवरा-सासरे बाहेर. मनातून द्यायची नसेल तर तिथेच सांगा, बाहेर कारणाचा तपशील न देता ‘डोनर योग्य नाही’ एवढंच सांगता येतं. आणि दिलीच, तर वर्षातून एकदा क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन आणि बीपी. ते रिपोर्ट पेशंटच्या फाईलमध्ये खुपसू नका, स्वतःच्या नावाची वेगळी फाईल करा.