सांगायचं कुणी, विचारायचं कुणी: जुनी पद्मिनी घेण्याआधी आणि विकण्याआधी

वडील गेल्यावर त्यांची १९७८ ची पद्मिनी, लोक जिला फियाट म्हणतात ती मोटार, माझ्या नावावर झाली आणि २०११ मध्ये मी ती विकली. पैसे मिळाले, किल्ली दिली, आरसी बुक दिलं, मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या. तारखेची जागा कोरी ठेवायला सांगितलं होतं, ती कोरीच ठेवली. दीड वर्षाने कोर्टाचं समन्स आलं. त्या गाडीने लोणंद रस्त्यावर एका सायकलवाल्याला धडक दिली होती, विमा संपलेला होता, आणि आरटीओच्या दप्तरी मालक म्हणून अजून मीच होते. ज्याने माझ्याकडून गाडी घेतली त्याने ती पुढे विकूनही टाकली होती. त्या सायकलवाल्याला कोर्टाच्या आवारात कुबडी घेऊन बसलेलं मी पाहिलंय. तेव्हापासून कुणी जुनी गाडी घ्यायची-विकायची म्हटलं की मी आधी कागदांचं बोलते, इंजिनाचं नंतर.

म्हणून विकणाऱ्यापासूनच सुरू करते. मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो. किल्ली कुणाकडे आहे, पैसे कुणी दिले, याने अपघातातल्या त्रयस्थ माणसाला काही फरक पडत नाही. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच सांगितलं. तिथे गाडी एकामागून एक हातांत फिरली होती, नोंद मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर होती, आणि भरपाईची जबाबदारी त्याच्यावर आली. तेव्हा गाडी दिली की १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवा, गाडी परराज्यात जात असेल तर ४५ दिवसांत. घेणाऱ्यासाठी ही मुदत ३० दिवसांची आहे, पण तो करेल म्हणून थांबू नका. फॉर्मवर तारीख आणि घेणाऱ्याचं नाव स्वतःच्या हाताने भरा. मधल्या एजंटाला कोऱ्या सह्या देऊ नका, तो कितीही ओळखीचा असो. अर्जाची पोच जपून ठेवा. आणि गाडी ताब्यात दिल्याची चिठ्ठी करा: तारीख, वेळ, किलोमीटरचा आकडा, दोघांच्या सह्या. वेळ मुद्दाम लिहा, कारण त्याच संध्याकाळी काही झालं तर तेव्हा गाडी कुणाकडे होती हे त्यावरूनच दाखवता येतं.

आता गाडीत दोष असेल तर तो सांगायचा कुणी? बहुतेकांना वाटतं, गाडी जुनी आहे, बघून घेतली, संपलं. कायदा इतका सरळ नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या १७ व्या कलमात घोड्याचं उदाहरण आहे, आणि आपल्या कामाला ते अगदी चपखल बसतं. घोडा अधू आहे हे विकणाऱ्याला माहीत आहे, तो लिलावात काही न बोलता घोडा विकतो. ही फसवणूक नाही. पण घेणारा म्हणाला, ‘तुम्ही नाही म्हटलं नाहीत तर मी घोडा धडधाकट समजतो’, आणि विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणं बोलण्यासारखंच धरलं जातं. शिवाय दोष मुद्दाम झाकणं ही केव्हाही फसवणूकच. सडलेल्या पत्र्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वरून रंग मारणं यातच येतं. दुसऱ्या बाजूने १९ वं कलम घेणाऱ्यालाही बजावतं: विकणारा नुसता गप्प राहिला होता आणि साधी काळजी घेतली असती तर दोष तुम्हालाही कळला असता, तर नंतर तेवढ्यावर करार मोडता येत नाही. म्हणजे विचारायचं काम तुमचं, आणि बघायचंही तुमचंच.

मी २०१९ मध्ये वाईतून १९८६ ची पद्मिनी घेतली ती याच हिशोबाने. विकणाऱ्या काकूंच्या गेलेल्या मिस्टरांची गाडी, वाड्याच्या पडवीत सहा वर्षं उभी. आधी मी व्हॉट्सॲपवर त्यांच्या मुलाला सात प्रश्न पाठवले: अपघात झालाय का, इंजिन कधी खोललं, कुठे पत्रा बदललाय, कर्ज होतं का, चलनं बाकी आहेत का, पेट्रोलचे रबरी पाईप कधी बदलले, आणि यापलीकडे तुम्हाला माहीत असलेलं काही आहे का. शेवटी लिहिलं, ‘दादा, ज्याचं उत्तर येणार नाही तिथे सगळं ठीक आहे असं समजून मी पुढे जाईन.’ प्रश्न लेखी असले की माणसं आठवून उत्तरं देतात, हा माझा अनुभव. त्याने रात्री अकराला लिहिलं, ‘ताई, डिकीचा तळ गंजलाय, बाबांनी चटई टाकली होती.’

पद्मिनीला वेगळी चेसिस फ्रेम नाही, बॉडीच सगळा भार उचलते. म्हणून तिचा गंज नुसता दिसायला वाईट नसतो, गाडी त्याने खिळखिळी होते. रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक दारांखालच्या पट्टीवर, मडगार्डच्या कडांवर फिरवा. जिथे पकड सुटते तिथे खाली लांबी आहे. काकूंच्या गाडीत डावीकडच्या मागच्या चाकापुढे चार बोटं जागेवर लोहचुंबक टिकेचना. चटई काढली, स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकलं, ठणठणीत आवाज यायच्या जागी भद्द आवाज आला. मी बोट ठेवलं तर खालची फरशी दिसली. काकूंना खरंच माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, ‘बाई गं, मी तर कधी मागे वाकून पाहिलंच नाही.’

इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगा. आधीच गरम करून ठेवलं असेल तर परत दुसऱ्या दिवशी या. चोक ओढून किती वेळात सुरू होतं, निळा धूर किती वेळ राहतो, हे थंड इंजिनच खरं सांगतं. स्टिअरिंगवरचा गिअर चारही जागी न अडखळता जायला हवा. रबरी पाईपांचं एवढ्यासाठी विचारते, की हल्लीच्या इथेनॉलच्या पेट्रोलने जुनं रबर फुगतं, चिरतं, आणि पेट्रोल गरम इंजिनावर ठिबकतं. पाईप बदलले नसतील तर गाडी चालवत घरी नेऊ नका, टेम्पोतून न्या. बाकी ओळखीचा फियाटचा मिस्त्री सोबत असेल तर त्याचं ऐका, माझं नको.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो गेलेल्या माणसाच्या नावावरच्या गाडीत, आणि जुन्या गाड्या बहुतेक अशाच असतात. मृताच्या नावावरून गाडी थेट तुमच्या नावावर होत नाही. आधी वारसाने फॉर्म ३१ भरून ती आपल्या नावावर करायची, बाकीच्या वारसांची संमती घ्यायची, मग तुम्हाला विकायची. काकूंच्या दोन मुली पुण्यात होत्या. दोघींच्या सह्या येईपर्यंत मी इसारापलीकडे एक रुपया दिला नाही, आणि इसाराची पावतीही अशी लिहिली की वारसनोंद झाली नाही तर रक्कम परत. नाहीतर एखाद्या नातीला गाडी हवी होती असं नंतर कळलं की दोन्ही घरांना त्रास.

आरसीवरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर स्वतः वाचा, पेन्सिलीने कागदावर छाप घ्या. १९८९ आधीच्या तीन अक्षरी नंबराच्या गाड्यांची नोंद ऑनलाइन दिसत नसेल तर ती आधी आरटीओत चढवून घ्यायला सांगा. इंजिन बदललेलं असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी. १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी असतं. त्याचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५००० झालं, २० वर्षांवरच्या गाड्यांना त्यानंतर आणखी वाढलं, आणि मुदत टळली की महिन्याला ५०० वेगळे. उभ्या गाडीच्या किमतीतून हे वजा झालेच पाहिजेत. ५० वर्षांवरची गाडी २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदलेली असेल तर ती प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती यांपुरतीच रस्त्यावर आणता येते, भाजी आणायला नाही.

विम्याचं मात्र त्याच दिवशी बघा. त्रयस्थासाठीचा विमा गाडीबरोबर येतो असं कायदा मानतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा येत नाही. त्यासाठी १४ दिवसांत कंपनीकडे पॉलिसी आपल्या नावावर करून मागायची.

पत्र्याच्या कामाचे १२ हजार काकूंनी न मागता किमतीतून कमी केले. चिठ्ठीवर त्यांच्या मुलाने लिहिलं: ‘डिकीचा तळ व डावी मागची बाजू गंजलेली, घेणाऱ्यास दाखवली आहे.’ खाली मी लिहिलं, ‘पाहिली आहे.’ वेळ टाकली, दुपारी ४ वाजून २० मिनिटं. काकूंनी गाडीला हळदकुंकू लावलं आणि टेम्पोवाल्याला दोर दोनदा आवळायला लावला.