१९१० साली गेलेली माणसं : गावच्या वाचनालयात फलक कसा लावायचा

एकाच वर्षी गेलेल्या नामवंतांचा फलक करायचा असेल, तर विदर्भातल्या गावानं १९१० हे वर्ष घ्यावं. त्या वर्षी शेगावला गजानन महाराजांनी समाधी घेतली, ठाण्याच्या तुरुंगात अनंत कान्हेरे फासावर गेले, आणि तिकडे टॉलस्टॉय, फ्लॉरेन्स नाइटिंगेल, रॉबर्ट कॉख हेही त्याच वर्षी गेले. फलकाला चित्रकला लागत नाही. लागते ती तारखेची खातरजमा, आणि निम्म्याहून जास्त वेळ तिलाच द्यावा लागतो.

नावं अकरा पुरेत. त्याहून जास्त झाली की लोक वाचत नाहीत, नुसते पाहून पुढे जातात. क्रम तारखेचाच ठेवा. मोठेपणावरून लावायला गेलात तर कोण वर आणि कोण खाली यावरून समितीतच वाद होईल.

२२ जानेवारी, लाहोर : उर्दू लेखक मुहम्मद हुसेन आझाद
१९ एप्रिल, ठाणे : अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे, विनायक देशपांडे (तिघांचं एकच कार्ड)
२१ एप्रिल, अमेरिका : मार्क ट्वेन
६ मे, लंडन : सातवा एडवर्ड
२७ मे, बाडेन-बाडेन : रॉबर्ट कॉख
३१ मे, इंग्लंड : डॉ. एलिझाबेथ ब्लॅकवेल
५ जून, न्यू यॉर्क : ओ. हेन्री
१३ ऑगस्ट, लंडन : फ्लॉरेन्स नाइटिंगेल
८ सप्टेंबर, शेगाव : गजानन महाराज
३० ऑक्टोबर, स्वित्झर्लंड : रेड क्रॉसचे हेन्री ड्युनांट
२० नोव्हेंबर, रशिया : लिओ टॉलस्टॉय

प्रत्येक तारीख दोन वेगळ्या ठिकाणी पाहा. मराठी विश्वकोशात नोंदीच्या सुरुवातीलाच कंसात जन्म आणि मृत्यूची तारीख असते, म्हणून तिथून सुरुवात करणं सोपं. दुसरं ठिकाण म्हणून मोबाइलवर आलेला ‘आजचा दिनविशेष’ धरू नका. तो एकमेकांचा उतरवलेला असतो, त्यामुळे चार ठिकाणी दिसला तरी पुरावा एकच.

चूक कुठे होते ते आधी माहीत असलेलं बरं. टॉलस्टॉयची तारीख काही पुस्तकांत ७ नोव्हेंबर आणि काहींत २० नोव्हेंबर दिसेल. दोन्ही बरोबर आहेत. रशियात १९१८ पर्यंत जुनी ज्युलियन दिनदर्शिका चालत होती, आणि विसाव्या शतकात ती आपल्या दिनदर्शिकेच्या १३ दिवस मागे होती. एकोणिसाव्या शतकात हा फरक १२ दिवसांचा होता, म्हणून त्यांचा जन्म जुन्या पद्धतीनं २८ ऑगस्ट १८२८ आणि नव्या पद्धतीनं ९ सप्टेंबर. फलकावर सगळीकडे नवी पद्धतच ठेवा. जन्म जुना आणि मृत्यू नवा असं मिसळलं की सगळा हिशेब बिघडतो.

तिथीचं काम जास्त नाजूक आहे. महाराजांची समाधी शके १८३२, साधारण नाम संवत्सर, भाद्रपद शुद्ध पंचमी, गुरुवार. शक काढायचा तर पाडव्यानंतरच्या तारखेला इसवी सनातून ७८ वजा करा, जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९. म्हणजे आझादांचा जानेवारी शके १८३१ मध्ये जातो आणि महाराजांचा सप्टेंबर १८३२ मध्ये, इसवी सन एकच असूनही. रूपांतर बरोबर आलं का, हे वारावरून कळतं. मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये ८ सप्टेंबर १९१० काढा, गुरुवारच येतो. वार जुळला नाही तर तारीख चुकलीच समजा. पुण्यतिथीचा उत्सव मात्र ऋषिपंचमीला, म्हणजे तो दरवर्षी वेगळ्या तारखेला येतो. कार्डावर तिथी आणि तारीख दोन्ही लिहा, नाहीतर पहिल्याच दिवशी कुणीतरी ‘तारीख चुकली’ म्हणून सांगायला येईल.

मध्य प्रदेशाच्या सीमेकडच्या गावांत हिंदी पंचांगंही असतात. शुद्ध पक्षात महिना दोन्हीकडे एकच असतो, पण वद्य पक्षात हिंदी पंचांग एक महिना पुढे असतं. आपला माघ वद्य तो त्यांचा फाल्गुन कृष्ण. वद्य तिथी हिंदी पुस्तकातून घेतलीत तर महिना बदलून घ्या.

वय काढताना नुसती सालं वजा करू नका. मार्क ट्वेन ३० नोव्हेंबर १८३५ चे, गेले एप्रिलमध्ये, म्हणजे ७४ पूर्ण. वजाबाकीनं ७५ येतात. हॅलेचा धूमकेतू आला त्याच दिवशी ते जन्मले, असंही लिहिलेलं सापडेल. तसं नाही. धूमकेतू १६ नोव्हेंबर १८३५ ला सूर्याच्या सर्वांत जवळ होता, ते दोन आठवड्यांनी जन्मले. १९१० ला तो २० एप्रिलला जवळ होता, ते दुसऱ्या दिवशी गेले. ट्वेन म्हणजे सॅम्युअल क्लेमेन्स आणि ओ. हेन्री म्हणजे विल्यम पोर्टर. खरं नाव आणि टोपणनाव अशी दोन कार्डं होणार नाहीत हे पाहा. कान्हेरे यांच्या कार्डावर त्यांनी गोळ्या घातलेल्या नाशिकच्या कलेक्टर जॅक्सनचं नाव येईल, पण तो मेला २१ डिसेंबर १९०९ ला. यादीत त्याला घालू नका.

शब्दही जपून. महाराजांनी समाधी घेतली, तिघांना फाशी झाली, बाकीच्यांचं निधन झालं.

आता कार्ड. एका कार्डावर नाव, तारीख, गाव, वय, दोन ओळींत काम आणि शेवटी एक ओळ आपल्या गावाशी जोडणारी. ही शेवटची ओळ नसेल तर फलक शाळेच्या गृहपाठासारखा दिसतो. कॉखनी २४ मार्च १८८२ ला क्षयाचा जंतू जाहीर केला. त्या दिवशीच्या क्षयरोग दिनाचं काम आशाताई दरवर्षी करतात. नाइटिंगेल बाईंचा १२ मे हा वाढदिवस आरोग्य केंद्रातल्या सिस्टरला ठाऊक असतो. एडवर्डच्या नावानं अमरावतीला १९२३ मध्ये कॉलेज निघालं. या राजाच्या चित्राचा चांदीचा रुपया कुणाच्या घरी असला तर फोटो घ्या, नाणं वाचनालयात ठेवून घेऊ नका. टॉलस्टॉयच्या कार्डावर गांधीजी येतातच. त्यांनी १९१० मध्येच दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्म उभारलं, पुढे ते वर्ध्याजवळ सेगावला राहिले. हे सेगाव म्हणजे आजचं सेवाग्राम. शेगावशी घोटाळा होऊन टपाल चुकायचं, म्हणूनच नाव बदललं. फलकावर ही दोन्ही नावं येणार, तेव्हा ‘से’ आणि ‘शे’ डोळ्यांत तेल घालून तपासा.

बारावं कार्ड गावातल्या माणसाचं. कोतवाल बुकाच्या नकलेसाठी तहसील कार्यालयात अर्ज करा. नोंद मोडीत असू शकते, वाचणारा आधी शोधून ठेवा. मृत्यूची आणि नोंदीची अशा दोन तारखा असतील तर मृत्यूचीच घ्या. घरच्यांना विचारल्याशिवाय नाव लावू नका. जात आणि आजाराचं कारण तर लिहूच नका.

फलक ४ बाय ३ फुटांचा प्लायवूडचा. कार्ड ए-४ कागदाच्या निम्म्या आकाराचं, आडवं, एका ओळीत चार, अशा तीन ओळी. वर मथळ्याला १५ सेंटिमीटर सोडले की कार्डांभोवती साधारण साडेसात सेंटिमीटर जागा उरते. कागद जाड घ्या. पातळ कागदाला डिंक लावला की सुरकुत्या पडतात, आणि कणकेची खळ लावली की उधई येते. भिंतीला ओल असेल तर मागे लाकडी पट्ट्या ठोकून दोन बोटं अंतर ठेवा. महाराजांचा फोटो फलकात न लावता वर वेगळ्या फळीवर ठेवा, कारण हळदकुंकू वाहिलं जाणारच आणि खालच्या कार्डांवर डाग पडणारच. खालच्या कार्डांना लॅमिनेशन हवंच.

जुने फोटो आणि टॉलस्टॉयचं मूळ लिखाण यांवर आता कॉपीराइट नाही. मराठी अनुवादाला अनुवादकाचा हक्क असतो, त्यामुळे उतारा लावण्याआधी अनुवाद कधीचा आहे ते पाहा.

लावायची वेळ पोळ्याची. तान्हा पोळा, गणपती, ऋषिपंचमी ओळीनं येतात आणि माणसं गावात असतात. सोयाबीन काढणीला आलं की वाचनालयात कुणी फिरकत नाही. विसर्जनानंतर कार्डं काढून वर्षाच्या पाकिटात ठेवा, प्लायवूड तेच वापरा. पुढच्या वर्षी १९२० घेतलंत तर लोकमान्य टिळकांची तारीख १ ऑगस्ट लिहा. ते मध्यरात्रीनंतर गेले, म्हणून कुठे कुठे ३१ जुलै छापलेलं आढळतं.