नागपुरात राहता ना? मग तुमचं मत कुठंकुठं जातं ते एकदा बघून घ्या

आधी मोबाईलवर निवडणूक आयोगाचं अ‍ॅप उघडा अन् वोटर आयडीचा नंबर टाका, विधानसभा मतदारसंघ कोणता ते लगेच दिसते. दक्षिण-पश्चिम, दक्षिण, पूर्व, मध्य, पश्चिम, उत्तर यापैकी एक आलं तर तुमचा खासदार नागपूरचा. पण हिंगणा किंवा कामठी आलं तर राजेहो, पत्त्यात नागपूर असूनबी खासदार रामटेकचा! तिकडं प्लॉट घेतलेल्या बऱ्याच लोकांना हे माहीतच नसते.

आता लोकसभेत ५४३ जागा, त्यात महाराष्ट्राच्या ४८. ज्याच्याकडं २७२ जमले त्याचं सरकार, म्हणजे पंतप्रधानाला आपण डायरेक्ट मत देतच नाही, आपण फक्त खासदार पाठवतो. मुंबईतल्या राज्य सरकारचं गणितबी तसंच, विधानसभेच्या २८८ पैकी १४५. डिसेंबरात सिव्हिल लाईन्सच्या विधानभवनापाशी मोर्चे अन् बॅरिकेड्स लागतात ना, ते याच २८८ लोकांच्या अधिवेशनापायी, १९५३ च्या नागपूर कराराची देणगी.

तुमचा आमदार निवडून गेला की तुमचं मत संपत नाही, ते पुढं चालते. राज्यसभेचे महाराष्ट्रातले १९ खासदार आमदारच निवडतात. राष्ट्रपतीच्या निवडणुकीतबी आमदार मत देतो अन् महाराष्ट्रातल्या एका आमदाराच्या मताची किंमत १७५, कारण १९७१ च्या लोकसंख्येला आमदारांच्या संख्येनं अन् मग हजारानं भागतात. म्हणजे शहराचे सहा आमदार मिळून १०५०. विधान परिषदवाल्यांना मात्र इथं मत नाही, काऊन तर घटनेत तसंच लिहिलं आहे.

परिषदेवरून आठवलं, पदवीधर असाल तर विधान परिषदेवर आमदार पाठवायला नागपूर विभागाच्या पदवीधर मतदारसंघात तुमचं वेगळं मत आहे, पण नेहमीच्या यादीत नाव असून काही उपयोग नाही, फॉर्म १८ वेगळा भरावा लागते अन् दर निवडणुकीला यादी नव्यानं बनते. तिथं मशीन नसते, कागदाची मतपत्रिका असते. केंद्रावर दिलेल्या जांभळ्या स्केचपेननंच पसंतीच्या उमेदवारासमोर १ लिहायचं, मग वाटलं तर २, ३. बरोबरची खूण केली की मत बाद! शिकलेले लोकं इथंच चुकतात, हसू येते बापा.

महापालिकेचं प्रकरण अजून वेगळं, ती निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेते अन् बहुतेक प्रभागांत चार नगरसेवक असल्यानं चार मतं द्यावी लागतात.

तक्रार घेऊन जायच्या आधी काम कोणाचं ते बघा. नाली, कचरा, नळ म्हणजे नगरसेवक. पोलीस, सातबारा राज्याचं. रेल्वे, पासपोर्ट केंद्राचं. शिक्षण १९७६ पासून दोघांचंबी, म्हणून तिथं एकमेकांवर ढकलाढकली चालते. रस्त्याचं सगळ्यात बेकार, महापालिका, पीडब्ल्यूडी, नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास), हायवेवाले, कोणाचाबी असू शकते, आधी ते विचारा मगच अर्ज लिहा.

घर बदललं असेल तर फॉर्म ८ भरा, नवीन नाव असेल तर फॉर्म ६. अडलं तर १९५० वर फोन.