इंटर्नशिपला पाठवताना मिस्त्रीला आधी भेटा

अकरावी-बारावीच्या मुलांना इंटर्नशिपसाठी कोल्हापुरातल्या उद्यमनगर किंवा शिरोली एमआयडीसीतल्या कारखान्यात पाठवायचं असेल, तर मालकाच्या होकारावर थांबू नका. मालक दिवसभर फोनवर. पोरगं ज्याच्या हाताखाली राहणार, त्या मिस्त्रीशी बोला. नाहीतर महिनाभर चहाच आणत बसतं. फौंड्री, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतायचा कारखाना, असेल तर भट्टी आणि ओतकामापासून लांबच ठेवा. 18 वर्षांखालच्यांना धोक्याच्या कामाला लावायला बालकामगार कायद्याच्या 2016 च्या दुरुस्तीपासून बंदी आहे. तपासणी विभाग आणि स्टोअरमध्ये शिकण्यासारखं भरपूर असतं. मुलाच्या रोजच्या वहीत 'काम केले' एवढंच लिहिलेलं चालवून घेऊ नका. व्हर्नियरनं (बारीक माप घ्यायच्या साधनानं) कोणता जॉब, म्हणजे तयार होणारा भाग, मोजला, माप किती आलं, ड्रॉइंगवर किती होतं, रिजेक्ट झाला तर का, हे लिहून खाली मिस्त्रीची सही. पालकांचं संमतिपत्र आणि बंद बूट पहिल्या दिवसाआधीच बघा.